सांगायची खोड

फडताळाच्या खालच्या कप्प्यातून आधी चिपटं बाहेर आलं, मागून मापटं, आणि शेवटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून शेर. साडेतीन वर्षांच्या माझ्या नातीने ती तिन्ही पितळी मापं स्वयंपाकघराच्या मधोमध मांडली आणि ज्वारीच्या डब्याकडे बोट केलं. मे महिन्याची दुपार. तिची आई आतल्या खोलीत झोपली होती. पुण्यात न मिळालेली झोप ती साताऱ्याला येऊन वसूल करते. मी डबा उघडून दिला. खाली एक जुनं लुगडं अंथरलं. त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे ते लुगडं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं होते, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. म्हणजे चौतीस वर्षं मी सांगण्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर हातातला खडू सुटला, सांगायची खोड काही सुटली नाही. रिक्षावाल्याला रस्ता सांगते, भाजीवालीने विचारायच्या आत बेरीज सांगते, शेजारणीच्या सुनेला तर तिच्याच माहेरची पाककृती सांगितली होती एकदा. तेव्हा ती पोर ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून बसली आणि माझ्या जिभेवर आलं ते अगदी ठरलेलं होतं: दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. मी जन्मले त्याच वर्षी, १९५८ साली, देशात वजनमापांची दशमान पद्धत यायला सुरुवात झाली होती. पण आमच्या आजीला सरकारचं ते पत्र पोचलं नव्हतं. तिने हे कोष्टक माझ्याकडून घोटून घेतलं, सोळा पायल्यांच्या मणापर्यंत. मी ते धडाधडा म्हणायचे, आणि आलेगेले कौतुक करायचे. शेरात चिपटी किती असं कोणी मध्येच विचारलं असतं, तर मात्र मी पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली असती.

तर ते कोष्टक ओठांवर आलं होतं आणि मी ते गिळलं. का, ते सांगते. पण त्याआधी त्या दुपारचं.

पहिले दोन दिवस तिने काहीही केलं नाही. म्हणजे माझ्यातल्या बाईंच्या हिशेबाने काहीही नाही. ज्वारी उचलायची, सोडायची. बोटांच्या फटींतून किती वेळ गळते ते बघायचं. मापटं भरायचं आणि कान लावून ओतायचं. मी आधी समजले नाही, मग माझ्या ध्यानात आलं की ती आवाज ऐकते आहे. रिकाम्या पितळेत पहिले दाणे पडतात ते टणटण वाजतात; तळ झाकला की आवाज मऊ होतो, आणि भांडं भरत आलं की नुसतं खसखस. साठ-पासष्ट वर्षं धान्य मोजते-पाखडते आहे, हा आवाज बदलतो हे मला कळलेलं नव्हतं. कळलं असेलही, कानावरून गेलं असेल.

तिसऱ्या दिवशी शेर काठोकाठ भरला आणि ती तो चिपट्यात ओतायला लागली. आता यात काय होणार हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिला माहीत नव्हतं. ज्वारी चिपट्यावरून वाहिली, लुगड्यावर पसरली, लुगड्याबाहेर फरशीवर गेली, ओट्याखाली शिरली. तिने पुन्हा भरला. पुन्हा ओतला. मी हात पुढे केला तो आपोआप, फळा पुसायला जावा तसा. दारात माझी मुलगी उभी होती, झोपेने डोळे सुजलेले. म्हणाली, “आई, राहू दे ना.” मी हात मागे घेतला. मग ती चहा टाकायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “मला कधी असं करू दिलं नाहीस तू.”

आवाजात राग नव्हता. पाऊस पडून गेला म्हणावं तसं म्हणाली. पण मी तो चहा पिताना काही बोलले नाही. तिच्या लहानपणी सकाळी साडेनऊची एसटी असायची, घरात सासू-सासरे, आणि ज्वारी तेव्हा अशी सांडायला आणलेली नसायची. हे सगळं खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी यायचे तेव्हाही मी तिच्या हातातलं काम काढून घ्यायचे आणि “अगं असं नाही, हे बघ, असं” म्हणायचे. ती बघायची. तिला बघायची चांगली सवय लागली.

आता कोष्टक का गिळलं ते.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. दुसरीचा वर्ग. कोपऱ्यात पाण्याची बादली, तिच्या काठावर फळा पुसायचं ओलं फडकं, एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर लोंबतं. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा बादलीपाशी उकिडवा बसून राहिला. हाक मारली तरी उठेना. बाहेर लोंबणाऱ्या टोकातून पाणी थेंब थेंब टपकत होतं, खाली बशीएवढं ओलं झालं होतं. तो म्हणाला, “बाई, पाणी काठावरून वर कसं चढलं? त्याला तर कोणी उचललं नाही.”

चौतीस वर्षांत माझ्या वर्गात विचारला गेलेला हा बहुधा सर्वांत चांगला प्रश्न होता. मी काय केलं? मी म्हणाले, “त्याला केशाकर्षण म्हणतात. पुढच्या वर्गात येईल तुला. चल, पाढे काढ.” त्याने मान डोलावली. ‘केशाकर्षण’ हा शब्द मनात एकदा म्हणून बघितला असावा, ओठ हलले होते. मग तो उठला, जागेवर जाऊन बसला, आणि पुन्हा कधी बादलीपाशी गेला नाही. मी फडकं पिळून खिळ्याला अडकवलं.

तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मुलाने विचारलं, बाईंना येत होतं, बाईंनी सांगितलं. पुष्कळ वर्षांनी, तेही निवृत्तीनंतर, अंगणातल्या बादलीवर तसंच फडकं वाळत होतं आणि ते ओठ एकदम आठवले. मी त्याला उत्तर दिलंच नव्हतं. एक मोठा शब्द देऊन वाटेला लावलं होतं. त्या शब्दाने पाणी वर कसं चढतं ते कळत नाही. कळलं असं वाटतं एवढंच, आणि मग बसून राहायचं कारण उरत नाही. चिंधी जाड घेतली तर, लोकरीची घेतली तर, बादली अर्धीच भरली तर, हे त्या पोराने बघितलं असतं. बादली होती, चिंध्या होत्या, पोरगं होतं. मी मध्ये आले.

यात मला न माहीत असलेलं काही नव्हतं, ही खरी गोम. १९७८ साली आमच्या डी. एड.ची सहल कोसबादला गेली होती, डहाणूजवळच्या टेकडीवर. ताराबाई मोडक जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तिथेच होत्या. ताराबाई म्हणजे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम उभं करून पुन्हा इकडे आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीत सुरुवात केली, तिथून बारा वर्षांनी काम कोसबादला नेलं. बोर्डीला वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगावी निळ्या-पिवळ्या भिंतींवर रंगवलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही तर शाळा कुरणात, म्हणून कुरणशाळा. इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसोरीबाईंची साधनं सुंदर, पण महाग आणि परदेशी. यांनी त्यांच्यामागची दृष्टी घेतली आणि साधनं जागच्या जागी शोधली. शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, पानं, खडे.

आम्ही तिथे एक सबंध दिवस होतो. एक लहान मुलगी बियांचे ढीग करत बसली होती. मोठ्या इकडे, बारक्या तिकडे, मग सगळं एकत्र करून पुन्हा नव्याने, या वेळी काळ्या आणि तांबड्या. कोणी तिला शाबास म्हणत नव्हतं, हेच मला विचित्र वाटलं होतं. मी वहीत लिहून घेतलं: ‘स्थानिक साहित्याचा वापर’. परीक्षेला त्यावर पाच गुणांचा प्रश्न आला, मला साडेचार मिळाले. पुढे वर्गावर मीही चिंचोके आणले, भरणी भरून. आणि टेबलावर उभी राहून एकेक चिंचोका वर धरून दाखवायला लागले: “हे किती? एक! आणि हे?” चिंचोके माझ्या हातात, मुलांच्या हाताची घडी.

असो. पाचव्या दिवशी चिपट्याचं मापट्याशी जमलं.

तिने चिपटं भरून मापट्यात ओतलं. वाकून आत पाहिलं. दुसरं ओतलं. मापटं भरलं. तिसरं ओतलं तेव्हा ते घरंगळून लुगड्यावर. तिने मापटं उपडं केलं आणि पुन्हा सुरुवात. एक, दोन, आणि तिसरं खाली. पुन्हा. मी ओट्यापाशी उभी राहून मोजत होते. एकोणिसाव्या वेळी माझं दूध उतू गेलं, त्यापुढचं मोजलं नाही. रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत मॉन्टेसोरीबाईंनी १९०७ साली बालगृह काढलं. तिथल्या साधारण तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. ती लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्ट्या बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू. चाळीसवर वेळा. मग थांबली, दमलेली नाही, झोप झाल्यासारखी ताजी. हा उतारा मी विद्यार्थिदशेत पाठ केला होता. माझ्या ओट्याखाली तो चालू असताना मी दूध पुसत होते.

माझीही थांबली. माझ्याकडे बघून, काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाली, “आजी, दोनच बसतात. तिसरं बाहेर बसतं.”

आता शेराची पाळी. मापट्याने शेर भरला, तिथेही दोन. बाईसाहेब खूश. मग तिने चिपटं घेतलं, शेराकडे पाहिलं आणि ओतायच्या आधीच जाहीर केलं, “दोन!” दोन ओतली. शेर अर्धा. तिने शेराकडे असं पाहिलं की त्याने चावटपणा केला आहे. हलवून बघितलं, तळाला भोक आहे का पाहिलं. इथे माझी जीभ अक्षरशः दातांखाली होती. सहा शब्दांत मामला मिटला असता. तिने तिसरं ओतलं, चौथं ओतलं, शेर भरला. तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही दिसला नाही. कपाळाला आठी होती. तिने सगळं ओतून पुन्हा ‘दोन’ करून पाहिलं, शेर कदाचित सुधारला असेल म्हणून. नाही सुधारला. चारच.

त्यात पुन्हा भानगड शिगेची. जुन्या मापांत सपाट मोजायचं की शीग लावून, म्हणजे काठावर ढीग चढवून, यावरून घेणाऱ्या-देणाऱ्याची भांडणं व्हायची. ‘शिगोशीग’ हा शब्द आपण आनंदासाठी वापरतो, तो मूळचा वाण्याच्या दुकानातला. तिचं चिपटं कधी शिगेचं, कधी पोटात खड्डा पडलेलं. त्यामुळे कधी दोन चिपट्यांत मापटं भरून सांडायचं, कधी कमी पडायचं. दोन दिवस गेले, आणि मग मला दिसलं की ती प्रत्येक चिपटं ओतण्याआधी वरून तळहात फिरवते. कोणी दाखवलं नव्हतं. मी वाण्याला लाकडी पट्टी फिरवताना पाहिलंय, तिने वाणीच पाहिलेला नाही. तिच्या पुण्यात धान्य पिशवीतून येतं.

मला मोह आवरला नाही तो एकदाच. एक चिपटं ज्वारी तिने उभ्या ग्लासात ओतली होती, दुसरं ताटलीत. मी विचारलं, “कशात जास्त?” “ग्लासात,” ती म्हणाली, उंची दाखवून. दोन्ही तिनेच मोजून ओतलं होतं, माझ्यासमोर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. जिनिव्हाच्या पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने असे ग्लास मुलांपुढे मांडून आयुष्य काढलं. सहा-सात वर्षांच्या आसपास मूल आपण होऊन म्हणायला लागतं की ओतलं म्हणून वाढत नाही, त्याआधी डोळ्यांना दिसतं तेच खरं. मी दटावलं असतं तर तिने ‘सारखंच’ म्हटलं असतं. शहाणी आहे, आजीला काय हवं ते तिला कळतं. मग तिला माझ्याबद्दल काहीतरी कळलं असतं, ज्वारीबद्दल नाही.

दाखवल्याने काय होतं, त्याचा पुरावा घरातच मिळाला. एका रात्री वीज गेली तेव्हा मी तिला बॅटरी दिली आणि वर ही अक्कल: “हे बटण असं दाबायचं, की लागते. पुन्हा दाबलं की बंद.” ती तेच करत बसली. चालू, बंद, चालू, बंद. पंधरा मिनिटांत कंटाळली. तीच मुलगी झाऱ्याशी अर्धी दुपार खेळत असे: त्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके अंगणात पडतात, झारा खाली नेला की ठळक, वर नेला की विरघळतात, पायावर पाडता येतात, मांजरावर पाडता येतात, मांजर उठून जातं. झाऱ्याने काय करायचं हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीला हे बोलले तर तिने मला एका प्रयोगाबद्दल वाचायला दिलं. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०११ सालचा, अमेरिकेतला. नळ्यांचं एक खेळणं, त्यात चार गमती दडवलेल्या: एक नळी ओढली की किंचाळते, एकीत दिवा, एकीत सूर, एकीत उलटा दिसणारा आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने पद्धतशीर दाखवलं, “हे बघ, हे असं चालतं,” आणि एकच गंमत दाखवली. काहींसमोर ते खेळणं नुसतंच आलं. ज्यांना शिकवलं ती मुलं लवकर थांबली, बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. मुलांचं चुकलं नाही यात. शिक्षकाने एवढंच दाखवलं म्हणजे एवढंच असणार, हा विश्वासच की तो. माझ्या चौतीस वर्षांच्या मुलांनी माझ्यावर केवढा विश्वास ठेवला असेल!

म्हणजे आता मुलांना काहीच सांगायचं नाही, असं मी म्हणते आहे का? तसं म्हणणारी माणसं भेटतात अलीकडे, आणि त्यांचंही मला कठीण वाटतं. आमच्या परसात विहीर आहे. तिचं झाकण कुलूपबंद आहे आणि त्याबद्दल नातीला कुठलाही शोध लावायची मुभा नाही. आणि विहिरीचं सोडा. ‘क’ला क म्हणतात हे कोणतं मूल स्वतः शोधील? ती माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे, ठरवणाऱ्यांपैकी कोणीतरी सांगावीच लागते. ज्वारी सांडते, पाणी वाहतं, सावली हलते. ही मंडळी आपापलं बोलतात. अक्षर बोलत नाही.

आकड्यांत तर दोन्ही एकत्र आहेत, म्हणून तिथे गंमत होते. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येतो. मोजत होता: पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... आणि बिनदिक्कत “नव्वावीस”. मी वर्षानुवर्षं हे ऐकून ‘चूक’ म्हटलं आहे. आता ऐकताना वाटलं, अरे, या पोराने नियम शोधला की! मराठीनेच नवाच्या घराशी येऊन दगा दिला आणि ‘एकोणतीस’ म्हणून पुढच्या दशकाच्या दारात उडी मारली. नात “मी करलं” म्हणते. ‘केलं’ तिने रोज ऐकलंय, ‘करलं’ आमच्या घरात कोणी म्हणत नाही. मग हे कुठून आलं? बसला-बसलं, धरला-धरलं यांवरून तिने मनाशी व्याकरण मांडलं, त्यातून. ‘केलं’ आपोआप येईल, त्याची मला मुळीच घाई नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर हसू झालं. मीही हसले होते, विनोद पुढे पाठवले होते. मंगला नारळीकर या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या आणि शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना आकड्याची रचना दिसावी म्हणून ही वाट आहे. ती रचना मूल शोधू शकतं. ‘सत्तावीस’ हा आवाज नाही शोधू शकत. आज मला त्या विनोदांची थोडी लाज वाटते. थोडीच. ‘वीस सात’ कानाला अजूनही खटकतंच.

आणखी एक. हे सगळं मला सुचतंय कारण माझ्याकडे वेळ आहे, एकच पोर आहे आणि सांडलेली ज्वारी झाडायला मीच आहे. वर्गात पन्नास मुलं, तीन प्रकारची रजिस्टरं आणि दारात तपासणीला आलेले साहेब असताना बादलीपाशी उकिडव्या बसलेल्या मुलाची वाट बघणं कोणाला जमतं ते मला दाखवा. नातीच्या पुण्यातल्या बालवर्गातून सुट्टीसाठी कागदांचा गठ्ठा आला होता. त्यात ‘जड कोण, हलकं कोण’: एकीकडे हत्ती, एकीकडे पीस, योग्य चित्रावर खूण. तिने दोन्ही चित्रं नखांनी उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “निघत नाही.” मला हसू आलं, पण तो कागद तयार करणाऱ्या बाईंचा रागही आला नाही. त्यांनाही संध्याकाळी पालकांना काहीतरी दाखवायचं असतं. ज्वारीत हात घालून ऐकलेला आवाज फाईलला लावता येत नाही.

ती जायच्या आदल्या आठवड्यात सावलीचं प्रकरण निघालं. सकाळी अंगणात तिची सावली पार तुळशीवृंदावनापर्यंत लांब जायची, ती तिच्या डोक्यावर पाय द्यायला पळायची, डोकं पुढे सरकायचं. मग तिला दिसलं की जेवायच्या वेळेला सावली बुटकी होते. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमाराला. शून्य सावलीचा दिवस. तो पुन्हा एकदा येतो ऑगस्ट लागता-लागता, पण तेव्हा सूर्यच ढगात. मी वर्गात या विषयावर तक्ता लावला होता, बाण वगैरे काढून. अंगणात जाऊन मात्र एकदाही पाहिला नव्हता. त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते.

त्या दिवशी ती पायरीवरून उतरली आणि थबकली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, गोल फिरली. एक पाय उचलला. पायाखाली पायाएवढा काळा डाग, बस. पाय ठेवला, डाग गेला. दुसरा उचलला. “आजी, खाली गेली,” ती हळूच म्हणाली. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले, उन्हात, डोक्यावर पदर. माझीही खाली गेली होती. तिने मग फळीवरून तांब्या आणला, तोही उभा केला. तांब्याची सावली त्याच्या बुडाशी चिकटून. मग झाडूची काठी. ती आडवी असताना सावली होती, उभी धरली तर नव्हती. हे काठीचं मला सुचलं नसतं. पाय भाजायला लागले म्हणून आम्ही आत आलो. ती मला काही विचारत नव्हती, मी काही सांगितलं नाही. दोन वाजता पुन्हा बाहेर पळाली आणि ओरडली, “आली, आली! पण तिकडून आली!” सकाळी सावली पश्चिमेला पडायची, आता पूर्वेला.

रविवारी ती गेली. गाडीत बसताना मापटं हवं म्हणाली, दिलं. आता माझ्याकडे चिपटं आणि शेर आहेत, मधलं माप पुण्याला. ओट्याखाली अजून ज्वारी सापडते, मुंग्यांनाही सापडली आहे.

घर रिकामं झालं की मी देवाच्या वाती वळत बसते. सोमवारी वळता वळता ते फडकं पुन्हा आठवलं. म्हटलं, बघू तरी. पाण्याची वाटी घेतली, तिच्या काठावरून ताजी वळलेली वात सोडली, एक टोक आत, एक बाहेर, खाली रिकामी वाटी. केशाकर्षण, थेंब पडणार. मी ‘हरिपाठ’ पूर्ण केला, थेंब नाही. वात हातात घेतली तर कोरडी. पूर्ण वात पाण्यात टाकली. तरंगत राहिली. बोटाने दाबून खाली नेली, सोडली, वर आली, अंगावर पाण्याचे मणी. तेल पिणारी वात पाणी घेत नव्हती. मग औषधांच्या डब्यातून जखमेला लावायचा कापूस आणला, त्याचीही वात वळली. ती पाण्यात टाकल्याबरोबर भिजून तळाला गेली. दोन्ही कापूसच. दोन्ही पांढरे. मी चष्मा लावून पाहिलं.

संध्याकाळी जावयांचा फोन आला, सुखरूप असल्याचा. ते रसायनवाले आहेत, अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मी ज्वारीचं बोलले, मापट्याचं विचारलं, उन्हाळा किती आहे ते बोलले. वात अजून वाटीत तरंगत होती. फोन ठेवला आणि घरगुती कापसाची दुसरी वात घेतली. या वेळी ती आधी साबणाच्या पाण्यात बुडवून पाहायचं मनात आलं होतं.